कंघीचं फूल

आमच्या दारातलं फूल आमचं नाही. मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत सांगून मोकळं व्हायचं, ही पत्रकं लिहिणाऱ्याची खोड आहे आणि ती मला जडलेली आहे. बाकीचं ज्याला वाचायचं तो वाचील.

श्रावण लागला, तसं ते पुन्हा आलं आहे. उन्हाळाभर आमच्या दारापुढच्या मुरमाच्या ओट्यावर काहीही नसतं. वैशाखात तिथं गल्लीतलं कुत्रं अंग टाकून झोपतं. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, इथलं झाड मेलं. मग मृग सरता सरता मातीतून खरखरीत पानांचे कान वर येतात. हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखे लागतात. शेळी एकदा तोंड लावते, पुन्हा लावत नाही. आषाढात दांडे गुडघ्यावर चढतात आणि दांड्याला एकेक फूल धरतं. पाकळ्या गुलाबी म्हणाव्यात तर जांभळ्या, आणि त्या आभाळाकडे बघत नाहीत. दोन दिवसांत मान टाकून खाली वळतात. मधला गोंडा मात्र ताठ. शेंदरी, टोकदार, सायाळीनं अंग फुगवावं तसा. पाकळ्या लाजतात आणि गोंडा लाजत नाही. मी सध्या त्या गोंड्याकडे बघत नाही, पाकळ्यांकडे बघतो.

आमच्या मानवत गावात या फुलाला पिंडफूल म्हणतात. मधला उंचवटा म्हणजे महादेवाची पिंड आणि भोवतीची पाकळ्यांची उतरण म्हणजे शाळुंका. आमच्या लिंगायतांत रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेतात आणि तिथंच त्याची पूजा करतात. देऊळ तळहाताएवढं. त्या तळहातावर भस्म, बेलाचं पान आणि त्याशेजारी हे फूल ठेवलं, की एका पिंडीशेजारी दुसरी पिंड बसल्यासारखी दिसते. म्हणून श्रावणी सोमवारी पहाटेपासून आमच्या दारात बायांची रांग लागते. आई एकेकीच्या ताटात एकेक फूल ठेवते. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून कुणी विचारलं तर सांगतात, "श्रीशैलच्या एका स्वामींचा परसाद हाय." अलीकडं कुणी न विचारता सांगतात.

खोटं आहे. स्वामी नाहीत, प्रसाद नाही, श्रीशैलही नाही. हे फूल हाजराबीनं लावलं.

हाजराबी तारबाबूंची बायको. तारबाबू म्हणजे मानवत रोड स्टेशनावर तार बडवणारे बाबू. त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. आज आम्ही ज्या घरात राहतो ते त्यांचं, त्यांच्या वडिलांपासूनचं. आमचं घर तेव्हा मागच्या गल्लीत होतं आणि मधल्या भिंतीला एक खिंडार होतं. त्या खिंडारातून आईचं विरजण तिकडं जायचं आणि तिकडून कढीपत्ता इकडं यायचा. मीही त्यातूनच ये-जा करायचो. मी हाजराबीला खाला म्हणायचो, आई भाबी म्हणायची, आणि ती आईला आक्का म्हणायची.

कोण्या गोऱ्या रेल्वे साहेबाच्या मडमेनं स्टेशनच्या बागेसाठी विलायती फुलांचं बी दिलं होतं. तिकडं हे माळावर आपोआप उगवतं म्हणे, आपल्याकडं तरवड उगवतो तसं. स्टेशनच्या बागेत ते उगवलंच नाही. थंडीच्या मुलखाचं बी, त्याला आधी थंडी दाखवावी लागते. मानवतात थंडी आणायची कुठून? उरलेलं चिमूटभर बी तारबाबूंनी घरी आणलं, आणि हाजराबीनं ते फडक्यात बांधून रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवलं. रांजण पाझरतो, वाळू गार राहते. उन्हाळा संपेपर्यंत ते बी तिथं, पिण्याच्या पाण्याच्या पायाशी. पावसाळ्यात पेरलं आणि उगवलं.

पण पहिल्या वर्षी नुसती पानं. गल्लीला चेष्टेला विषय मिळाला.

"भाबी, पालक लय जून झाला तुमचा," आई खिंडारातून म्हणायची.

"हसा आक्का, हसा. फूल आलं की तुमाला एक बी देत न्हाई."

काळ्या मातीत पावसाळ्याचं पाणी दहा दहा दिवस हटत नाही आणि या झाडाचं मूळ कुजतं. म्हणून तारबाबूंनी सुट्टीच्या दिवशी सायकलीच्या मागं पोतं बांधून मुरूम आणला आणि दारापुढं ओटा केला. तोच हा ओटा. दुसऱ्या श्रावणात फूल आलं. हाजराबीनं वाळलेला गोंडा जपून ठेवला आणि त्याच्या टोकांनी शेजारच्या पोरींच्या बाहुल्यांचे केस विंचरून दाखवले. "देखो, कंघी का फूल." खरोखरच केस विंचरले जात. ते त्याचं खरं नाव. पिंड त्यात आम्ही नंतर पाहिली.

आता जे लिहायचं ते आमच्या बाजूचं कुणी लिहीत नाही. रझाकारांनी काय केलं ते आम्ही छापतो आणि छापलंच पाहिजे. माझ्या मामाच्या गावी त्यांनी गंजी पेटवल्या, त्याचा धूर मी पाहिला आहे. पण पोलिस ॲक्शन झाल्यावर, निजामानं हात टेकल्यावर, ज्यांनी रझाकारांचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा घरांवर गावोगाव काय गुदरलं, त्यावर एक ओळ कुठं छापलेली मला दाखवा. आम्ही त्या दिवसांना मुक्ती म्हणतो. मीही म्हणतो. आमच्या गल्लीत कुणी कुणाला मारलं नाही. फक्त तारबाबूंच्या दारावरून माणसं जरा सावकाश जाऊ लागली आणि जाताना घराच्या उंचीकडे बघू लागली. एवढं पुरलं.

भाद्रपदात ते हैदराबादच्या गाडीत बसले. निघण्याआधी हाजराबीनं ओट्यावरचे गोंडे खुडून फडक्यात बांधले. पण हे बी दिवाळीच्या सुमाराला भरतं. भाद्रपदात वरून काटे दिसतात, आत पोकळ असतं. तिला ते ठाऊक नव्हतं असं नाही. थांबायची सोय नव्हती.

घर आप्पांनी घेतलं. रीतसर. हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारला गेला आहे, की मला तो ऐकला तरी शिसारी येते. ज्याला जायचंच आहे त्याच्याकडून घेतलेलं सगळंच रीतसर असतं. आणि पुढच्या श्रावणात, आम्ही राहायला आल्यावर, ओट्यावर ते फूल आलं. कुणी लावलं नव्हतं, पाणी दिलं नव्हतं. मूळ जमिनीत होतं, ते आलं. दारावरून जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "आप्पा, हे कुठलं?" आप्पांना हाजराबीचं नाव घेता आलं नाही. आता मला वाटतं, त्यांनाही लाजच वाटली असणार. त्या लाजेपोटी त्यांच्या तोंडून स्वामी निघाले. एकदा निघाल्यावर ते परत कसे पाठवणार?

लाज लपवण्यासाठी आमच्या घरात देव वापरला गेला. हे वाक्य मी माझ्या पत्रकातही लिहिलं होतं. वाक्य चांगलं आहे. अडचण वाक्यात नाहीच.

चार वर्षांमागचा श्रावण. हैदराबाद राज्य मोडणार, मराठवाडा मुंबईला जोडणार, पण खरा महाराष्ट्र देणार नाहीत, असे ते दिवस. मी विशीत होतो आणि माझा घसा कायम बसलेला असे. परभणीच्या एका छापखान्यात मी खिळे जुळवायचो, रात्रीची पत्रकं तिथंच छापायचो, आणि दिवसा सायकलीवर नाहीतर मोटारीनं गावोगाव. देवगाव फाट्यावर मोटारीची वाट बघणाऱ्या लोकांना मी सभा समजायचो. पेडगावच्या पारावर एकदा एक म्हातारा म्हणाला, "पोरा, बोलतूस लय ग्वाड. पण तू आमाला बोलायलाइस का आमच्या मागच्या भित्तीला?" सगळे हसले. मीही हसलो. समजलं काही नाही.

त्या श्रावणातल्या एका सोमवारी मी परभणीहून घरी आलो. पिशवीत पत्रकं, हाताला शाई. दारात नेहमीची रांग. आणि पायरीवर, रांगेला सोडून जरा बाजूला, काळा बुरखा तोंडावरून मागं टाकलेली हाजराबी बसलेली. वाळली होती. मी ओळखली ती तिच्या बसण्यावरून; एक गुडघा उभा, त्यावर कोपर. ती त्याच पायरीवर अशीच बसून लसूण सोलायची.

तिच्या हातात चहाचा कप होता. कान तुटलेला.

त्या कपाबद्दल सांगायला हवं. आमच्या दाराच्या बाहेरच्या अंगाला भिंतीत एक देवळी आहे. तिच्यात एक कप पालथा असतो. बाहेरचा माणूस, म्हणजे ज्याला घरातल्या भांड्यात द्यायचं नाही असा माणूस आला, की चहा त्यात. पिऊन झालं की त्यानं स्वतः विसळायचा आणि पालथा ठेवायचा. असा कप गल्लीतल्या घरोघरी आहे. मागच्या घरीही आमचा होता, आणि हाजराबी तेव्हाही त्यातच चहा प्यायची. गप्पा मारत, हसत. आता त्याच बाईला तोच कप तिच्याच दारात दिला होता. त्या देवळीत ती पूर्वी संध्याकाळी चिमणी ठेवायची.

माझं डोकं फिरलं. ते फिरायलाच हवं होतं, यावर मी आजही ठाम आहे. पण डोकं फिरल्यावर माणूस काय करतो, ते त्याचं शिक्षण ठरवतं, आणि माझं शिक्षण पत्रकाचं.

मी सायकल भिंतीला टेकवली आणि खालाला सलामसुद्धा न करता ओसरीकडे तोंड केलं.

"आप्पा, हा कप कुणी दिला?"

"शिवा, आत ये. हातपाय धू."

"त्यांच्याच दारात त्यांना हा कप? आणि या बायांना सांगा की, हे झाड कोणत्या स्वामींनी दिलं ते."

आप्पांच्या हातातला पंखा थांबला. आई ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती, ती माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. मला वाटलं, ती घाबरली. ती घाबरली नव्हती. ती मला गप्प राहा म्हणत होती.

रांगेतली गिरजामावशी, आमच्या आळीतली सगळ्यात वयस्क बाई, म्हणाली, "आरं, आमाला काय ठावं न्हाई व्हय हे झाड कुणाचं ते? हळू बोल. पावणी बसलीय."

इथं मी थांबायला हवं होतं. सगळ्यांना माहीत होतं. मी जे उघड करत होतो ते कुणापासूनच झाकलेलं नव्हतं. एका माणसाची अब्रू राहावी म्हणून सगळी गल्ली त्याचं खोटं सांभाळत होती, आणि फूल नेताना मनातल्या मनात खरं नाव घेत होती. पण उघडं पाडायचं म्हणून आलेल्या माणसाला हे ऐकू येत नाही. मी पुढं बोलत राहिलो. अन्याय, ढोंग, माणुसकी, मराठी माणूस, सगळं आलं. आवाज चढला. रस्त्यावरची दोन माणसं थांबली, तसा आणखी चढला.

आप्पा उभे राहिले. चारचौघांत कोंडीत धरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. कुणी घराबद्दल एक शब्द काढला नव्हता, पण ते म्हणाले, "घराची खरेदी रीतसर हाय. कुणाला शंका असंल त्यानं मोंढ्यात इचारावं."

घर हा शब्द निघाला आणि हाजराबी उठली. तिनं उरलेला चहा कडेला ओतला. दाराशेजारच्या दगडी डोणीतल्या पाण्यानं कप विसळला. देवळीत पालथा ठेवला, जसा ठेवतात तसा. मग माझ्याजवळ आली. मला वाटलं, ही आता माझ्या डोक्यावर हात ठेवणार.

"बाबा," ती हळू म्हणाली, "मय एक जड मांगने आई थी. इन्साफ नक्को था मेरे कू."

आणि बुरखा ओढून ती मोंढ्याच्या, बाजाराच्या रस्त्याला लागली. आई ताट तसंच धरून दोन पावलं तिच्या मागं गेली, "भाबी, ओ भाबी," म्हणाली, आणि आप्पांच्या नजरेनं थांबली.

मी येण्याआधी काय चाललं होतं ते मला संध्याकाळी आईकडून कळलं. हाजराबी परभणीला भाचीच्या लग्नाला आली होती आणि परतायच्या आधी मानवताला येऊन गेली. तारबाबूंची नोकरी सुटलेली, हैदराबादेत दोन खोल्यांत राहतात, कुणाशी फारसं बोलत नाहीत. दाराशी घासलेटचा एक डबा माती भरून ठेवलाय. भाद्रपदात नेलेलं ते पोकळ बी त्यात कधीचंच कुजून गेलं. पण ते रोज सकाळी उठून त्या डब्याला पाणी घालतात. नुसत्या मातीला. "मय बोली, इसमें कुछ बी नै. बोले, पैले साल पत्तेच आते ना," असं हाजराबीनं आईला सांगितलं होतं, आणि दोघी पदरात तोंड घालून हसल्या होत्या, आणि मग हसायच्या थांबल्या होत्या. तिला फक्त एक जड, म्हणजे मूळ, हवं होतं; गड्ड्याची एक कड. फूल छाटून, मुळाच्या मातीच्या गोळ्यासकट, फडक्यात बांधून. आईनं होकार दिला होता. दुपारी बाया गेल्या असत्या, आप्पा दुकानावर गेले असते, दोघींनी मिळून खुरप्यानं काढली असती. आप्पांनाही कळलं असतं आणि कळलं नाही असं त्यांनी दाखवलं असतं. आमच्या घरात दया अशीच होते, कुणी बघत नसताना, एकमेकांना न सांगता. तिच्यात मी दिवसाढवळ्या सभा भरवली.

"तू यायच्या आधी झालं व्हतं बग सगळं," आई म्हणाली. मला रागावली नाही. रागावली असती तर मी तिच्याशीही वाद घातला असता.

इतकं कळूनही मी काय केलं? पत्रक काढलं. "हाजराबीचे फूल आणि आमची अब्रू." तिचं खरं नाव घातलं, तारबाबूंचं घातलं, गल्ली घातली. पेडगावला वाटलं, फाट्यावर वाटलं, भाषणात तो कप हातात धरल्यासारखा करून दाखवला. टाळ्या पडल्या. मला टाळ्या आवडल्या. हे लिहितानाही कान गरम होतात. एका बाईनं मूठभर मातीसाठी आठ वर्षांनी स्वतःच्या दारात पाय ठेवला आणि मी तिचा मुद्दा केला. ज्यांनी तिला घालवलं त्यांनी तिचं घर घेतलं. मी तिचं दुःख घेतलं आणि तेही रीतसर, खाली छापखान्याचं नाव घालून.

मानवतात त्या पत्रकाचं काही झालं नाही. पुढच्या सोमवारी रांग होती तशीच होती. आईकडं मी शंभरेक पत्रकं ठेवून गेलो होतो. ती बायांना फुलं त्यात गुंडाळून देत होती. फुलाचा ओलावा लागून अक्षरं फुटली होती. मी चिडलो. "आई, ही वाचायला आहेत."

"बाया वाचित न्हाईत बाबा. पण कागद बरा हाय, वल धरतो."

आता महाराष्ट्र झाला. मिरवणूक निघाली, मी गुलालानं माखलो, आणि दुसऱ्या दिवसापासून मला काही काम उरलं नाही. मागणी मान्य झाली की मागणारा रिकामा होतो. या श्रावणात मी कित्येक दिवसांनी सलग घरी आहे. दुपारी ओट्यावर आईसोबत तण काढतो. मला हे झाड आत्ता कुठं दिसायला लागलं आहे. फुलपाखरं गोंड्यावर बसून टोकाटोकावर सोंड लावत पूर्ण फेरी मारतात. सुकलेले गोंडे आई तोडत नाही. कार्तिकात मुनियांचे थवे येऊन त्यातलं बी खातात, आणि त्यांच्या तोंडून सांडलेलं शेजाऱ्यांच्या परड्यात उगवतं. गिरजामावशीच्या दारात आहे. देवळापाशी आहे. स्वामींच्या नावानं गावभर झालं आहे.

परवा मी आईला म्हणालो, "खाला कुठं राहती, तुला पत्ता ठावा असंल. मी जाऊन माफी मागून येतो. एक मूळ बी घेऊन जातो."

आई तण उपटत राहिली. "आत्ता फुलावर हाय. आत्ता काढलं तर जगंल का ते?"

"मग दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतरच काढलं व्हतं की."

मला कळलं नाही. ती खुरपं पुसत म्हणाली, "त्याच साली. एका गड्ड्याचे दोन केले. एक दिला धाडून."

"हैदराबादला? कुणासंगं?"

"स्टेशनावरचा सिद्राम न्हाई का, पॉइंटमन? तारबाबूच्या हाताखालचा. त्यानं गार्डाकडं दिला."

"आणि लागलं?"

"लागलं की. सिद्रामच्या तोंडी निरोप आला. पयल्या साली पानंच. तारबाबू डबा घेऊन दिवसभर पानाकडं बघत बसायचे म्हणं. दुसऱ्या साली कंघी आली."

ओट्यावर बसून मी ते ऐकत होतो. चार वर्षं. चार वर्षं मी त्या बाईची मुळं अडवली म्हणून स्वतःला बोल लावत होतो, आणि त्या बोल लावण्यालाही जरा मोठेपणा चिकटलेला होता. तिकडं डब्यात फूल आलेलं.

"मला सांगितलं का न्हाईस?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुला सांगितलं असतं तर तू त्याचं पत्रक काढलं असतंस."

दुपारभर मी तण उपटत राहिलो. आप्पा ओसरीवर डुलक्या घेत होते. देवळीतला कप मी मागंच फोडला होता, सगळ्यांसमोर; त्याच्या जागी आता दुसरा आहे. त्यालाही कान नाही.

संध्याकाळी आईला विचारलं, हे सगळं लिहू का. ती म्हणाली, "तू न लिहिता ऱ्हाणार हाईस का? पण ह्या खेपेला तिचं नाव नको." म्हणून हाजराबी हे तिचं नाव नाही. पत्रकाच्या मथळ्यातही इथं मी तेच घातलं आहे. खरं नाव त्या सगळ्या पत्रकांवर आहे, आणि ती मला परत आणता येत नाहीत.

पण मी विचारायचं एक राहिलंच होतं. मानवत रोड स्टेशन गावापासून लांब. आई एकटी कधी तिकडं गेलेली नाही. "सिद्रामकडं नेऊन कुणी दिलं?"

"तूच की."

आणि मग आठवलं. दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडायला लागलेली. मी स्टेशनाच्या मोटारीला निघालो होतो आणि आईनं एक ओलसर गाठोडं हातात दिलं. "सिद्रामला दे. आत काय हाय इचारू नको, बायकांचं हाय." मी कुरकुरलो. राज्य मोडलं, मुलूख पेटलाय, आणि मी लोणची-पापडाची गाठोडी वाहायची का, असं काहीतरी म्हणालो. फडक्याच्या आत कागद होता, तो माझ्याच पत्रकांचा होता, ओल धरायला गुंडाळलेला. हे आता आईनं सांगितलं. मोटारीत मी ते मांडीवर घेतलं. जड होतं, गार होतं. थोड्या वेळानं पाणी पाझरायला लागलं, आणि पिशवीतली माझी नवी पत्रकं भिजतील म्हणून मी ते उचलून खाली पायांशी ठेवलं.